हद्द कायम मोजणी

विष्णुपुरीच्या टेकाडावर विद्यापीठाचं सभागृह.
पुढच्या चार रांगा हजेरीसाठी आणलेल्या पोरांच्या,
पाचवीत मी, भुजंग तेलंगे,
भूमिअभिलेखातून निवृत्त.
पत्रिकेवर ‘कायदा’ एवढंच वाचून आलो होतो,
‘अंतराळ’ चष्म्याच्या तड्यात राहून गेलं.

डॉक्टर शबिस्ता काझी उभ्या राहिल्या
तेव्हा त्यांच्या आधी माईक शिंकला.
माणूस वर गेला की काय होतं, ते त्यांनी सांगितलं:
हाडं झिजतात, तोंड सुजतं,
अश्रू गालावर उतरत नाही,
डोळ्यापाशीच गोळा होऊन बसतो.
पोरं हसली.
मोजणी संपल्यावर असे डोळे
मी जमिनीवर राहून पुष्कळ पाहिलेत.

मग कायदा.
चंद्र कुठल्याच राष्ट्राला घेता येत नाही,
हक्क सांगून नाही, ताबा मारून नाही,
आणि (इथं मी ताठ बसलो)
वहिवाटीनंसुद्धा नाही.

बाई, एकतीस वर्षं हा एक शब्द
मी उन्हात उभा राहून ऐकलाय.
लोह्यात, कंधारात, मुखेडच्या माळावर
“सायेब, आज्ज्यापासून वहिवाट हाय आमची,”
म्हणत लोक बाभळीला साक्षीला उभं करायचे.
निजामाच्या वक्ताचे उर्दू नकाशे
खिडकीच्या उजेडाला धरून,
खासरा पत्रकातली एका आण्याची चूक
मी दोन भावांच्या मधून काढून दिलीय,
आणि त्या दिवशी
दोन्ही घरांनी जेवा म्हटलं नाही.
तिकडं पावलं उमटलीत, पुसायला वारा नाही,
तरी सातबारा कोरा!

पडद्यावर चंद्र आला आणि लाइट गेली.
जनरेटरवाला चहाला गेलेला.
अंधारात बाई माईकशिवाय बोलत राहिल्या:
वर गेलेला माणूस एका देशाचा राहत नाही,
तो सगळ्यांचा दूत.
वाट चुकून कुठंही उतरला
तर त्याला वाचवायचं, धाडणाऱ्यांकडे सुखरूप पोचवायचं,
देशांनी एकमेकांना तसं लिहून दिलंय.
“आमच्या तुरीत उतरला तर?” मागून कुणीतरी.
“आधी पाणी पाजा, मग तहसीलदारांना फोन.”
“पाणी तर कुणी बी पाजतंय, मॅडम,”
शिवकांता घोडजकर नावाची मुलगी उठली,
“पण अंतराळ सुरू कुठून व्हायलंय? हद्द कोणती?”

लाइट आली. बाई जरा थांबल्या.
हद्द ठरलेली नाही, म्हणाल्या.
कुणी शंभर किलोमीटर धरतं, कुणी त्याच्या अलीकडे,
सगळ्यांची सही अजून झालेली नाही.

पत्रिकेच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
तेहेतीस फुटी साखळी, सोळा आण्यांची:
नऊ हजार नऊशे बेचाळीस भरल्या.
दहा हजाराला अठ्ठावन्न कमी.
फक्त पलीकडचं टोक धरायला माणूस हवा.
पिराजी धरायचा.
सहा वर्षं झाली त्याला वर जाऊन.

बाईंना विचारायचं होतं,
अशा मोजणीची नोटीस कुणाला बजावायची,
लगतधारक कोण?
पण त्यांच्याभोवती पोरांचे फोटो चालले होते
आणि माझ्या हातात कुणीतरी चिवड्याची पुडी दिली.

खाली बसस्टॉपवर एका पोरानं बोट दाखवलं:
एक ठिपका, न लुकलुकता,
लातूरकडून निघून किनवटकडे चाललेला.
आत माणसं आहेत म्हणे.
वाटेत किती शिवारं, किती बांध,
कुणालाच नोटीस नाही.

मी सवयीनं घड्याळ पाहिलं,
चिवड्याच्या तेलकट कागदावर वेळ लिहिली,
सहा पंचावन्न,
आणि पंचांच्या सह्यांसाठी
खाली जागा सोडली.